'नाही' म्हणण्याचा पगार

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ, पावणेसातचा सुमार. युनायटेडहेल्थकेअर या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या आरोग्य विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन गुंतवणूकदारांच्या बैठकीसाठी मॅनहॅटनमधल्या हिल्टन हॉटेलकडे पायी चालले होते. मागून आलेल्या माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. फुटपाथवर पोलिसांना काडतुसं मिळाली, त्यांवर शब्द लिहिलेले होते: डिले, डिनाय, डिपोज. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ अमेरिकेत कुणाला विचारावा लागला नाही. क्लेम लांबवा, मग नाकारा. 'डिले, डिनाय, डिफेन्ड' हे विमा कंपन्यांच्या टीकाकारांचं जुनंच पालुपद. लिहिणाऱ्याने शेवटचा शब्द तेवढा बदलला. डिपोज म्हणजे पदावरून खाली खेचणं.

पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना इथे एका मॅकडॉनल्ड्समध्ये लुइजी मँजिओनी हा २६ वर्षांचा तरुण पकडला गेला. त्याने आरोप नाकारले आहेत. तो भाग न्यायालयाचा. चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. कंपनीने फेसबुकवर शोकसंदेश टाकला आणि त्याखाली हजारोंनी हसरे इमोजी टाकले. दोन मुलांचा बाप गेला होता आणि लोक हसत होते. एमर्सन कॉलेजच्या पाहणीत १८ ते २९ वयोगटातल्या ४१ टक्के मतदारांना हा खून कमीअधिक प्रमाणात 'स्वीकारार्ह' वाटला.

अमेरिकेत कंपनीच्या बड्या साहेबावर गोळी झाडली जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. जुलै १८९२ मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप चिरडणाऱ्या हेन्री क्ले फ्रिकवर अलेक्झांडर बर्कमन या अराजकवाद्याने पिट्सबर्गच्या कचेरीत घुसून गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचला, जनमत त्याच्याकडे झुकलं आणि नुकसान झालं ते संपकऱ्यांचं. १३२ वर्षांनी सहानुभूतीचं पारडं दुसरीकडे का झुकलं, याचं उत्तर बंदुकीत नाही, विम्याच्या इतिहासात आहे.

या विम्याची सुरुवात जवळपास भिशीसारखी झाली. १९२९ साली डॅलसच्या बेलर रुग्णालयाची बिलं थकत होती आणि थकबाकीदारांत शाळामास्तर बरेच होते. तिथला कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबॉल आधी शाळाखात्यात होते, त्यामुळे मास्तरांच्या खिशाचा त्यांना अंदाज होता. त्यांनी योजना काढली: महिन्याला ५० सेंट भरा, वर्षात २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय. यातूनच पुढे ब्लू क्रॉस हे विम्याचं जाळं उभं राहिलं. नफा कमवायचा नाही आणि धडधाकट असो की आजारी, सगळ्यांना एकच दर, असा सुरुवातीचा खाक्या होता.

मग युद्ध आलं. महागाई रोखण्यासाठी १९४२ मध्ये सरकारने पगार गोठवले, पण आरोग्य विम्यासारख्या सवलतींना त्यातून मोकळीक दिली. कामगारांची टंचाई होती, पगार वाढवायला बंदी. कारखानदारांनी विम्याचं गाजर दाखवलं. मालकाने भरलेल्या या हप्त्यावर कामगाराला कर नाही, हे १९५४ च्या कायद्याने पक्कं झालं. म्हणजे आज अमेरिकेतला माणूस नोकरी सोडायला दहादा विचार करतो, त्याचं मूळ हिटलरविरुद्धच्या लढाईतल्या एका तात्पुरत्या तोडग्यात आहे. कुणी बसून आखलेली ही व्यवस्था नाही. हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा सुचवला, तेव्हा डॉक्टरांच्याच संघटनेने 'समाजवादी वैद्यक' अशी आवई उठवून तो बुडवला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मधले सगळे राहिले मालकाच्या भरवशावर.

एडिसन किंवा सनीव्हेलमधल्या मराठी घरांना हे सांगायला नको. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस. तोवर जुना विमा चालू ठेवायचा तर 'कोब्रा' नावाची सोय आहे, पण मालकाचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. कंपनीमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता १९९९ मध्ये ५,७९१ डॉलर होता, २०२४ मध्ये तो २५,५७२ वर गेला. कामगाराच्या पगारातून त्यातला थोडाच भाग थेट कापला जातो, उरलेला मालक भरतो. म्हणून हा आकडा बहुतेकांना दिसतच नाही, नोकरी जाईपर्यंत.

दिसतं ते टपालाने आलेलं पाकीट. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं 'धिस इज नॉट अ बिल', म्हणजे हे बिल नाही. खाली रकाने: रुग्णालयाने मागितलेली रक्कम, कंपनीशी ठरलेला दर, कंपनीने भरलेली रक्कम आणि शेवटी तुमच्या वाट्याचे डॉलर. काही वेळा शेवटच्या रकान्यात सगळीच्या सगळी रक्कम असते आणि शेजारी एक सांकेतिक क्रमांक. तळटिपेत त्याचा अर्थ सापडतो: उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता. तुमच्या डॉक्टरने तुम्हाला तपासलं आणि आवश्यक ठरवलं. ज्याने तपासलं नाही त्याने नाही म्हटलं. हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी बाजारातल्या कंपन्यांनी २०२३ मध्ये त्यांच्याच यादीतल्या रुग्णालयांचे आणि डॉक्टरांचे १९ टक्के क्लेम नाकारले. नाकारलेल्यांपैकी अपिलात गेले ते एक टक्क्याहूनही कमी. बाकीच्यांनी एक तर पैसे भरले, नाही तर हात टेकले.

हा 'नाही' आधी नव्हता असं नाही, पण त्याचा धंदा झाला तो १९७३ नंतर. खर्च आवरण्यासाठी निक्सन सरकारने एचएमओ नावाच्या विमा संस्थांसाठी कायदा आणला: ठरावीक रक्कम घ्या आणि तेवढ्यात माणसाचा सगळा औषधोपचार बघा. फेब्रुवारी १९७१ च्या ध्वनिफितीत निक्सनचे सल्लागार जॉन एर्लिकमन त्यांना यातली गोम समजावताना ऐकू येतात: उपचार जितके कमी, तितका पैसा जास्त. कल्पना निक्सनना आवडली. एचएमओ कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, पेन्शनसाठी म्हणून केलेल्या 'एरिसा' कायद्याने दुसरं दार बंद केलं. खासगी मालकामार्फत मिळालेल्या विम्याने उपचार नाकारला आणि माणूस दगावला, तरी न्यायालयात मिळणार फार तर त्या उपचाराची किंमत, नुकसानभरपाई नाही. चुकीच्या नकाराची जबर किंमत मोजावी लागेल ही भीतीच उरली नाही. २००१ मध्ये रुग्णहक्कांचं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं खरं, पण वेगवेगळ्या स्वरूपात. त्यांचा मेळ बसलाच नाही.

नव्वदचं दशक या रागाचं खरं बालपण. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट नाकारणाऱ्या कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलरचा दणका दिला. विमा खासगी मालकामार्फत मिळालेला नव्हता, म्हणून 'एरिसा' आडवा आला नाही. १९९६ मध्ये लिंडा पीनो या डॉक्टरने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की विमा कंपनीच्या नोकरीत असताना १९८७ साली मी एका माणसाच्या मृत्यूला कारण झाले, आणि त्याचा जाब कुणीही विचारला नाही, कारण माझ्या नकाराने कंपनीचे पाच लाख डॉलर वाचले होते. त्याच सुमाराच्या एका गाजलेल्या चित्रपटात आजारी मुलाची आई एचएमओला शिव्या हासडते, तेव्हा थिएटरांत टाळ्या पडत. २०२४ चे इमोजी त्या टाळ्यांचेच वंशज.

कॅन्सरच्या त्या खटल्याला पुढे एक पुरवणी जोडली गेली. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या बहुतेक चाचण्यांत त्या ट्रान्सप्लांटचा स्तनाच्या कॅन्सरमध्ये फायदा दिसला नाही. म्हणजे वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने कंपनीचा नकार अगदीच चूक नव्हता. तरी तिच्याविषयी कुणाचं मत बदललं नाही, आणि बदलायला कारणही नव्हतं. ज्या नकाराने नाकारणाऱ्याचा खिसा भरतो, तो बरोबर निघाला तरी संशय जात नाही.

खिशाचं गणितही त्याच दशकात पालटलं. साहेबलोकांचे पगार फुगले म्हणून १९९३ मध्ये कायदा झाला: दहा लाख डॉलरवरचा पगार कंपनीला करसवलतीत धरता येणार नाही, मात्र कामगिरीशी बांधलेला मोबदला वगळून. झालं, पगाराऐवजी शेअर ऑप्शन, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचे हक्क, वाटले जाऊ लागले आणि साहेबाची कमाई शेअरच्या भावाला जुंपली गेली. युनायटेडहेल्थकेअर ज्याच्या मालकीची आहे त्या युनायटेडहेल्थ समूहाचे तेव्हाचे प्रमुख विल्यम मॅग्वायर यांच्या ऑप्शनची किंमत २००५ अखेर १६० कोटी डॉलरच्या घरात गेली होती. शेअरचा भाव पडलेला असेल ती तारीख मागाहून निवडून ऑप्शनवर घातली जात होती, हे उघडकीस आलं. २००६ मध्ये त्यांना जावं लागलं, आणि पुढच्या वर्षी तडजोडीत त्यांनी सुमारे ४६ कोटी ८० लाख डॉलर परत करायचं मान्य केलं.

विमा कंपनीच्या शेअरचा भाव कशावर हलतो? 'मेडिकल लॉस रेशो'वर. जमलेल्या हप्त्यांपैकी उपचारांवर गेलेला वाटा, त्याला या धंद्याच्या भाषेत 'लॉस' म्हणतात. तुमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या वहीत तोटा म्हणून लागतं. शब्द जुना आहे, विम्याच्या सगळ्याच शाखांत चालतो, पण आगीच्या विम्यात तो कानाला खुपत नाही.

२००९ मध्ये संसदीय चौकशीत तीन कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवलं. विमाधारक आजारी पडल्यावर जुन्या अर्जातली चूक हुडकायची आणि पॉलिसीच रद्द करायची, असं या तीन कंपन्यांनी पाच वर्षांत सुमारे २०,००० जणांच्या बाबतीत केलं होतं. फसवणूक नसेल तिथे हे थांबवाल का, असं विचारल्यावर तिघांनीही नाही म्हटलं. २०१० च्या ओबामा कायद्याने ते बंद केलं, आधीपासूनच्या आजारासाठी विमा नाकारण्यालाही मनाई केली. शिवाय हप्त्यांचे ८० ते ८५ टक्के उपचारांवरच खर्च करण्याची सक्ती आली. यावर कंपन्यांना वाट सापडली: दवाखाने, डॉक्टर, औषधांचा व्यवहार हेच विकत घ्या, म्हणजे उपचारांवरचा खर्चही घरातल्या घरात राहतो. २०२३ अखेर युनायटेडहेल्थकडे सुमारे ९०,००० डॉक्टर नोकरीत किंवा संलग्न होते.

थॉम्पसन यांच्या खुनाआधी जेमतेम दीड महिना सिनेटच्या उपसमितीचा अहवाल आला होता. रुग्णालयातून सुटल्यानंतर वृद्धांना लागणाऱ्या शुश्रूषेला युनायटेडहेल्थकेअरने नकार देण्याचं प्रमाण २०२० मध्ये १०.९ टक्के होतं, २०२२ मध्ये २२.७. थॉम्पसन यांचा २०२३ चा मोबदला सुमारे १ कोटी २ लाख डॉलर.

न्यायाने बोलायचं तर अमेरिकेतली महागाई एकट्या विमा कंपन्यांनी आणलेली नाही. युनायटेडहेल्थचा २०२३ चा नफा २,२४० कोटी डॉलर, पण उलाढालीच्या मानाने तो सहा टक्केच. रुग्णालयांचे आणि औषधांचे भाव गगनाला भिडलेत, आणि ते लावणाऱ्यांचे मोबदलेही काही कमी नाहीत. पण रुग्णालय निदान तपासतं, सलाईन लावतं. नकाराच्या पत्रावर सही विमा कंपनीची असते, म्हणून लोकांच्या शिव्याही तिलाच.

खुनाच्या दुसऱ्याच दिवशी अँथेम ब्लू क्रॉस ब्लू शील्ड या दुसऱ्या कंपनीने भूल देण्याच्या वेळेवर मर्यादा घालण्याचा आपला बेत मागे घेतला. अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवरून बड्या अधिकाऱ्यांचे फोटो गायब झाले. युनायटेडहेल्थ समूहाचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की आज आहे तशी व्यवस्था कुणीही मुद्दाम आखली नसती. ते खरंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने कळवलं, की मेडिकेअरचे वृद्ध विमाधारक अंदाजापेक्षा जास्त वेळा डॉक्टरांकडे जात आहेत. शेअर एका दिवसात २२ टक्के कोसळला. मे महिन्यात विटी गेले. त्यांच्या खुर्चीत स्टीफन हेम्स्ली परत आले. २००६ मध्ये मॅग्वायर गेल्यावर कंपनी सावरायला बसवले होते तेच हेम्स्ली. या वेळी करारात ६ कोटी डॉलरचे शेअर ऑप्शन होते.