झडपांची परिवर्ती वेळ व उचल

मोटारीच्या इंजिनातील झडपा केव्हा उघडाव्यात, किती वेळ उघड्या राहाव्यात आणि किती मिलिमीटर उचलल्या जाव्यात, यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी इंजिन चालू असताना बदलणाऱ्या यंत्रणांसाठी ‘झडपांची परिवर्ती वेळ व उचल’ ही संज्ञा वापरतात. ‘व्हीव्हीटी’, होंडाचे ‘व्हीटेक’, बीएमडब्ल्यूचे ‘व्हॅनोस’ ही प्रचारातील नावे एकाच अर्थाची समजली जातात, पण प्रत्येक यंत्रणा या तिन्हींपैकी नेमके काय बदलते हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही.

चार-स्ट्रोक इंजिनात झडपा चालवणारा दंड म्हणजे कॅमशाफ्ट हा दट्ट्यांनी (पिस्टननी) फिरवलेल्या मुख्य दंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, निम्म्या गतीने फिरतो आणि त्यावरील कॅमचा उंचवटा झडप ढकलून उघडतो. उंचवट्याचा आकार धातूत एकदाच कोरलेला असल्यामुळे क्रँकशाफ्टच्या 240 अंशांइतकी उघडी राहणारी झडप मिनिटाला 800 फेऱ्यांच्या संथ गतीला सुमारे 50 मिलिसेकंद, तर 6000 फेऱ्यांना जेमतेम 7 मिलिसेकंद उघडी असते. वेगात आत शिरणाऱ्या हवेला जडत्व असते, म्हणून जास्त गतीला दट्ट्या तळाहून वर निघाल्यावरही सिलिंडर भरत राहतो आणि अंतर्ग्रहण (हवा आत घेणारी) झडप उशिरा मिटणे फायद्याचे ठरते. कमी गतीला मात्र त्याच उशिरामुळे आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलली जाते. निष्कास (धूर बाहेर सोडणारी) आणि अंतर्ग्रहण झडपा क्षणभर एकदम उघड्या असतात, त्या काळाचेही तसेच आहे. हा काळ मोठा असेल तर वेगवान इंजिनात बाहेर पडणारा धूर ताजी हवा ओढून घेतो, पण संथ इंजिनात जळालेला वायू उलटा शिरून गाडी उभी असताना इंजिन थरथरते. त्यामुळे ठरावीक आकाराचा कॅम ही नेहमीच तडजोड असते.

सर्वाधिक प्रसार झाला तो केवळ वेळ बदलणाऱ्या पद्धतीचा. उत्पादनातील मोटारीत ती 1980 मध्ये आल्फा रोमिओच्या स्पायडरमध्ये प्रथम आली. आज रूढ असलेल्या रचनेत कॅमशाफ्टच्या टोकाला एक पोकळ डबी असते. डबीचे बाहेरचे कवच क्रँकशाफ्टवरून येणारी साखळी (टायमिंग चेन) फिरवते आणि आतील पाकळ्यांचे चक्र कॅमशाफ्टला जोडलेले असते. पाकळ्यांच्या कोणत्या बाजूला दाबाखालील ऑइल सोडायचे हे संगणकाच्या आज्ञेने एक विद्युत्-झडप ठरवते आणि त्यानुसार कॅमशाफ्ट चेनच्या तुलनेत काही अंश पुढे किंवा मागे सरकतो. झडप उघडी राहण्याचा काळ व तिची उचल यांत मुळीच बदल होत नाही. हे काम इंजिनाच्या नेहमीच्या ऑइलवरच चालत असल्याने ऑइल बदलण्यात हयगय झाली की विद्युत्-झडपेच्या बारीक जाळीत गाळ अडकतो आणि गाडीचा ‘पिकअप’ मंदावतो; मेकॅनिक अशा वेळी आधी ऑइल तपासतो, ते यामुळेच.

उचल बदलण्याच्या पद्धतींपैकी सर्वांत गाजलेली होंडाची व्हीटेक होय. ती 1989 मध्ये इंटेग्रा गाडीच्या 1.6 लिटर इंजिनात आली आणि टर्बोशिवाय दर लिटरमागे सुमारे 100 अश्वशक्ती देऊ लागली. तिच्यात झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी तीन कॅम व तीन रॉकर (कॅमचा रेटा झडपेपर्यंत पोचवणाऱ्या तरफा) असतात. कमी गतीला बाजूचे दोन सौम्य कॅम झडपा चालवतात आणि मधला उंच कॅम आपला रॉकर नुसताच हलवत राहतो. मिनिटाला सुमारे 5000 फेऱ्यांपुढे ऑइलच्या दाबाने एक पिन सरकून तिन्ही रॉकर एकत्र जखडले जातात, की झडपा उंच कॅमच्या हुकुमात जातात. त्या क्षणी बदलणारा आवाज चाहत्यांना इतका प्रिय आहे की मूळ फायदा त्यामागे झाकला जातो. बदल येथे दोनच पायऱ्यांत होतो. याच तत्त्वाची दोन कॅमची सोपी आवृत्ती भारतातील यामाहा आर15 या 155 सीसी मोटरसायकलमध्ये 2018 पासून आहे.

बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये आणलेल्या व्हॅल्व्हट्रॉनिकचा हेतू निराळा होता. कॅम व झडप यांच्यामध्ये एक जादा तरफ असते आणि विद्युत् मोटर एक विकेंद्री दंड फिरवून तिचा टेकू बदलते, त्यामुळे उचल मिलिमीटरच्या अंशापासून साडेनऊ मिलिमीटरच्या पुढेपर्यंत सलग बदलता येते. हवेचे प्रमाण झडपच ठरवू लागल्यावर थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेत बसवलेली व हवा कमीजास्त करणारी, चकती बहुतेक वेळ उघडीच ठेवता येते. अर्धवट मिटलेल्या चकतीतून हवा ओढताना दट्ट्याला जे काम फुकट करावे लागते ते वाचते आणि शहरातील संथ प्रवासात इंधनाची बचत होते. माझ्या मते या साऱ्या घराण्यातील ही सर्वांत मूलगामी कल्पना आहे, जरी रचनेची गुंतागुंत व खर्च यांमुळे ती फारशी पसरली नाही.

फक्त उघडे राहण्याचा काळ बदलणे सर्वांत अवघड ठरले. ह्युंदाईने 2019 मध्ये त्यासाठी कॅम फिरवणाऱ्या जोडणीचा मध्य दंडाच्या मध्यापासून किंचित हलवणारी यंत्रणा जाहीर केली. त्यामुळे एकाच फेरीत कॅमची गती कमीजास्त होते: झडप उघडी असताना कॅम रेंगाळला तर काळ वाढतो, घाईने सरकला तर घटतो. उचल तेवढीच राहते.