‘सध्या काय चालूय?’ आणि कॉर्टिसॉल

लग्नाच्या पंगतीत पाहुणा सहज विचारतो, ‘मग, सध्या काय चालूय?’ लातूरच्या नाहीतर संभाजीनगरच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं घालवलेला पोरगा ‘चालूय अभ्यास’ म्हणतो आणि भाताची बादली उचलून वाढायला लागतो. पाहुण्याच्या मनात काही नसतं. पोराच्या अंगात मात्र तेवढ्यात बरंच काही होऊन जातं.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. ते रक्तातली साखर वाढवतं, धोक्याला तोंड द्यायला बळ देतं. 2004 साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतले 208 अभ्यास एकत्र तपासले. कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कधी चढतं? चार लोक आपल्याला जोखत असतात आणि निकाल आपल्या हातात नसतो, तेव्हा. पंगतीत या दोन्ही गोष्टी हजर असतात.

हे रोजचंच झालं तर शरीर झिजतं. लंडनच्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास 1967 साली सुरू झाला. उपाशी त्यात कोणीच नव्हतं, पगार सगळ्यांना होता. तरी शिपाई-दरबान या सगळ्यात खालच्या गटात मृत्यूचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही बराच फरक उरला. संशोधक मायकल मार्मट यांनी 1985 पासून लंडनच्या सरकारी नोकरांचाच दुसरा अभ्यास केला, त्यात एक धागा सापडला: कामावर ज्याचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त.

आता बीडकडे बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) आधीच घेऊन खर्चून झालेली, ती फिटेस्तोवर मुकादम दाखवील तो फड. आजारपणात खाडा पडला तरी पैसे कापले जातात. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून मोळ्या भरायच्या. कष्ट तर आहेतच; त्यावर दिवसातला एक तास आपल्या मर्जीचा नाही, हे निराळं ओझं. अशा माणसापुढे ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणाऱ्या व्याख्यात्यांचा मला रागच येतो. उचलीचा आणि खाड्याचा प्रश्न कायद्याने, संघटनेने सुटायचा. तो त्याच्या डोक्यात शिरून सुटणार नाही.

पण डोक्यात काय होतं, तेही समजून घ्यायला हवं. 1967 सालीच अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (आज वाचताना ते क्रूर वाटतात). काही कुत्र्यांना विजेचा झटका स्वतः थांबवता येत होता, काहींना काही केलं तरी येत नव्हता. नंतर सुटकेची वाट मोकळी ठेवली, तरी दुसऱ्या गटातली बरीचशी कुत्री जागची हललीच नाहीत. ती हतबल व्हायला शिकली, असा अर्थ लावला गेला. पन्नासेक वर्षांनी, 2016 साली, मेंदूचा अभ्यास हाताशी आल्यावर या दोघांनीच तो अर्थ उलटा केला. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. कपाळामागचा मेंदूचा भाग ते ओळखतो आणि खालच्या भागातली ती प्रतिक्रिया दाबतो. म्हणजे अंथरुणात पडून राहणाऱ्या पोराला आळशी म्हणणं विज्ञानाला धरून नाही.

आणि हे शिकणं करण्यातून होतं, उपदेशातून नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. डॉक्टर नसलेले, थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटले. भर एकाच गोष्टीवर: बंद पडलेली छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायची, मन लागो न लागो. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशक भेटलेल्या रुग्णांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 39 टक्के.

छोटं काम म्हणजे खरोखर छोटं. सकाळी म्हशीची धार काढणं, आठवड्यातून दोनदा जुन्या मित्राकडे जाणं. परीक्षेचा निकाल आपल्या हातात नसतो, धार असते. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली, कशातच रस उरला नाही किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर एकट्याने झुंजत बसू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.