लवकर आलेलं बाळ आणि बारीक आलेलं बाळ: दोघंही काचेतच, पण केस वेगळी

एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांचं आयसीयू) बाकड्यावर बसलेलं असताना येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच, वजन किती? दीड किलो म्हटलं की समोरचा गप्प. आठवडे किती भरले होते हे कोणी म्हणजे कोणीच विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

माझी मुलगी ३१ आठवड्यांची, १५८० ग्रॅम. शेजारच्या वॉर्मरवरचा मुलगा ३८ आठवडे भरून आलेला, १६६० ग्रॅम. काट्यावर फरक ८० ग्रॅमचा, त्यामुळे मला वाटलं दोघांचं सेमच असणार. अजिबात नाही! ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं ते प्रीमॅच्युअर, आणि २५०० ग्रॅमच्या आतलं ते लो बर्थ वेट, मग आठवडे कितीही असोत. एक हिशोब कॅलेंडरचा, दुसरा काट्याचा. पूर्वी डॉक्टर लोकसुद्धा अडीच किलोच्या आतल्या सगळ्यांना प्रीमॅच्युअरच म्हणायचे, १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हे वेगळं केलं, तेव्हा आपल्या आत्या-मावश्यांना तरी काय बोलणार.

फरक सिस्टरने दाखवला. आमच्या बाईंचा, म्हणजे लेकीचा, पायाचा तळवा गुळगुळीत, पुढे एखादी पुसट रेघ, कान दुमडला तर सावकाश सरळ होणार, खांद्यावर बारीक लव, कातडी इतकी पातळ की पोटावरच्या शिरा दिसतात. त्या मुलाच्या तळव्यावर मात्र टाचेपर्यंत रेघा, कान टुणकन जागेवर, कातडी कोरडी, सालं निघालेली, मांड्यांवर सैल घड्या, आणि डोळे टक्क उघडे, म्हातारबुवासारखं सगळीकडे बघत असायचा. म्हणजे अवयव तयार होते, आत असताना खायला कमी पडलं होतं. आईचं बीपी, वार नीट काम न करणं, रक्त कमी, मिश्री-तंबाखू, अशी बरीच कारणं असतात.

म्हणून काळजीही वेगळी. त्याची भीती शुगरची. अंगात साठाच नाही त्यामुळे शुगर पटकन उतरते, दर काही तासांनी टाचेतून रक्त. पण दूध मात्र ओढून प्यायचा. आमच्याकडे उलटं, चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे लागतात, तोवर तोंडातून नळी आणि तासाचा हिशोब करून २-२ मिली दूध. नंतर पलाडे, म्हणजे आपलं बोंडलंच की. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडल्यावर चिकटू नयेत म्हणून आत एक साबणासारखा पदार्थ लागतो, तोही तेव्हा पुरेसा नसतो, म्हणून डिलिव्हरीआधी मला स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि तिला सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणारं मशीन. मधेच श्वास घ्यायचीच विसरायची, मॉनिटर ओरडला की सिस्टर तळव्याला टिचकी मारायची आणि गाडी पुन्हा सुरू. त्यासाठी औषध काय तर कॅफिन 😅

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र दोघांच्या फाइलवर लिहिलेली, कारण आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत ती करायची असते, ती कृपया चुकवू नका, डिस्चार्जच्या गडबडीत राहून जाते. कांगारू केअरही दोघांना, छातीशी उघड्या अंगाने. आणि हो, दोन्ही एकदम असू शकतं, ३३ आठवडे आणि १२०० ग्रॅम, म्हणजे लवकरही आणि त्या आठवड्यांच्या मानाने बारीकही. ते 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' वगैरे डोक्यातून काढून टाका, आत काढलेला प्रत्येक आठवडा फायद्याचाच.

तो मुलगा अकराव्या दिवशी घरी गेला, आम्ही पाच आठवडे तिथेच. घरी आल्यावर अजून एक भानगड, वय मोजायची. लवकर आलेल्या बाळाचं वय बघताना दोन वर्षांपर्यंत ४० ला जितके आठवडे कमी पडले तेवढे वजा करायचे, आमचे ९. भरलेल्या दिवसांच्या बारीक बाळाला ही सूट नाही. परवा आत्याचा फोन, चार महिने झाले, अजून मान नाही धरली? म्हटलं आत्या, ती दोनच महिन्यांची आहे गं.