‘गरमी’ अंगातल्या उष्णतेनं होत नाही

विदर्भात मे महिन्यात लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. पाणी कमी पडल्यानं ती लागतेही. पण लिंगातून पू येणं म्हणजे बहुधा परमा (गनोरिया) आणि जननेंद्रियावर न दुखणारा व्रण म्हणजे बहुधा गरमी (सिफिलिस). हे दोन्ही लैंगिक संबंधातून पसरणारे जंतुसंसर्ग आहेत.

अंगातली उष्णता समजून बरेच जण यावर थंड म्हणून ताक-सब्जा घेतात. त्यानं गरमी गेल्याचा भास का होतो? तो व्रण काहीही न करता ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. श्रेय सब्जाला मिळतं, जंतू रक्तातच राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बऱ्याचदा तळहात-तळपायांवर पुरळ येतं. परम्याचं तर बायकांमध्ये बऱ्याचदा लक्षणच दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात केस पेपर काढून ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा. तपासणी आणि औषध मोफत मिळतं. एचआयव्हीसाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र आहे. संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करायची नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा, असा २०१७ चा कायदा आहे. गावातलं कोणी दिसेल ही धास्ती असेल, तर सरळ शेजारच्या जिल्ह्यात जा. पत्त्यासाठी १०९७ वर मोफत फोन करता येतो.

घाईही नडते. संबंधानंतर आठवड्याभरात केलेली रक्ततपासणी खोटा दिलासा देते. ३ महिन्यांनी पुन्हा करा. जोडीदार बदलत असतील तर दर ३ ते ६ महिन्यांनी. आणि उपचार दोघांनीही घ्यायचे, नाहीतर तोच आजार परत घरी येतो.