वाळूजच्या ट्रेनिंग रूमपर्यंत: कॉर्पोरेट फॅसिलिटेटरचं काम आलं कुठून

संभाजीनगरच्या (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या) वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्रा एमआयडीसीत, कुठल्याही बऱ्या कारखान्यात गेलात तर लाईनच्या बाजूला स्किल मॅट्रिक्सचा तक्ता लावलेला दिसतो. डावीकडे ऑपरेटरांची नावं, वरती कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेला गोल. एक भाग भरला म्हणजे पोराला काम माहिती झालंय, दोन म्हणजे कुणी सोबत असलं तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, आणि चारही भरले म्हणजे आता तो दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटवाले आले की हा तक्ता बघितल्याशिवाय जात नाहीत. बहुतेकांना वाटतं ही जपानी पद्धत आहे, पण तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेत आहे, आणि आज आपल्या भागात जे कुणी कॉर्पोरेट ट्रेनर, फॅसिलिटेटर (गटाला स्वतःहून शिकायला मदत करणारा) म्हणून काम करायलेत त्यांच्या कामाचा अर्धा भाग तिथूनच आलाय. उरलेला अर्धा दुसऱ्याच वाटेनं आला, त्याच्याबद्दल पुढं सांगतो. या दोन्ही वाटा माहिती असल्या की एक गोष्ट लख्ख कळते, या कामात स्टेजवर बोलणं हा सगळ्यात छोटा भाग आहे, आणि आपल्याकडे मात्र माणूस निवडताना फक्त तेच बघतात.

तर 1940 चं साल. युद्धसामान बनवायला अमेरिकेतले कारखाने दिवसरात्र चालायला लागले, अनुभवी कामगार कमी पडले, आणि ज्यांनी कधी मशीनला हात लावला नव्हता अशा बाया, शेतावरचे गडी, दुकानातली माणसं भरती झाली. यांना शिकवायचं कुणी, तर सुपरवायझरनं, आणि सुपरवायझरला काम येत होतं पण शिकवता येत नव्हतं. म्हणून सरकारनं ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे टीडब्ल्यूआय नावाची सेवा काढली. तिचा पाया चार्ल्स अॅलन नावाच्या माणसानं आधीच घालून ठेवला होता, पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीचे कामगार तयार करताना त्यानं शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. टीडब्ल्यूआयनं त्या अशा मांडल्या: आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि मग त्याच्यावर लक्ष ठेवा. टीडब्ल्यूआयचे मुख्य कोर्स तीन होते, काम कसं शिकवायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची आणि माणसांशी कसं वागायचं, आणि प्रत्येक कोर्स म्हणजे दोन-दोन तासांची पाच सेशन्स, खोलीत दहाच्या आसपास सुपरवायझर, बस. युद्ध संपेपर्यंत 16 हजारांहून जास्त कारखान्यांत हे पोचलं.

त्यातलं पहिलं सेशन मला फार भारी वाटतं. ट्रेनर विजेच्या वायरची एक साधी गाठ घ्यायचा, दिव्याच्या होल्डरमध्ये वायरला ओढ बसू नये म्हणून मारतात ती. एकाला पुढं बोलवून नुसतं तोंडी सांगायचा, उजवी वायर अशी घे, डावीच्या मागून ने, फासातून काढ. त्याला जमायचं नाही. मग दुसऱ्याला एक शब्द न बोलता करून दाखवायचा, त्यालाही जमायचं नाही. मग तिसऱ्याला चारही पायऱ्यांनी शिकवायचा, एकेक टप्पा, त्यातला महत्त्वाचा मुद्दा कोणता, तो तसाच का, आणि मग त्याच्याच हातानं करून घेऊन, करता करता त्यालाच बोलायला लावून. गाठ बसायची. खोलीतल्या सगळ्या सुपरवायझरांना लेक्चर न देता कळायचं की आपण आजवर पहिल्या दोन पद्धतींनीच शिकवत आलोय. शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही, हे टीडब्ल्यूआयचं घोषवाक्य होतं, आणि माझ्या मते या धंद्यातलं यापेक्षा कडक वाक्य अजून कुणी लिहिलेलं नाही.

युद्ध संपलं तशी अमेरिकेत ही सेवा बंद पडली, पण तिथल्याच लोकांनी ती जपानला नेली आणि जपाननं ती घट्ट धरून ठेवली. टोयोटानं काम शिकवायची ती पद्धत सोडलीच नाही, कायझेनमध्ये, म्हणजे कामात थोडी थोडी सुधारणा करत राहायच्या जपानी पद्धतीत, पद्धत सुधारायच्या कोर्सचा मोठा वाटा आहे, आणि सुपरवायझरनं कुणाला काय शिकवायचं राहिलंय याचा जो तक्ता टीडब्ल्यूआयमध्ये भरायचा असायचा तोच पुढं स्किल मॅट्रिक्स झाला. आपल्याकडे 1983 मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, 1985 मध्ये बजाजचा वाळूज प्लांट सुरू झाला, त्याच्या मागं सुट्या भागांचे कितीतरी छोटे कारखाने उभे राहिले, आणि 1991 नंतर फाईव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), कायझेन, टीपीएम (सगळ्यांनी मिळून मशीनची निगा राखायची पद्धत), वन पॉईंट लेसन (एका मुद्द्याचा एका पानाचा धडा) हे सगळं मोठ्या कंपन्यांकडून त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरांकडे उतरत गेलं. म्हणजे गंगापूर, वैजापूरचा आयटीआय झालेला पोरगा आज लाईनवर जे शिकतो ते अमेरिका, जपान असा फेरा मारून आलेलं आहे.

आता दुसरी वाट. कर्ट लेविन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, जर्मनीतून हिटलरच्या काळात अमेरिकेत गेलेले. 1946 च्या उन्हाळ्यात त्यांनी कनेक्टिकट राज्यात एक वर्कशॉप घेतलं, वेगवेगळ्या वंशाच्या लोकांमधला तणाव कमी करायचं काम करणाऱ्यांसाठी. दिवसभर गटचर्चा व्हायच्या आणि संध्याकाळी लेविनची टीम बसून आज कुठल्या गटात काय झालं, कोण कसं वागलं याच्या नोंदी काढायची. एका संध्याकाळी काही सहभागी तिथं आले आणि म्हणाले, आम्ही बसून ऐकलं तर चालेल का. बाकीचे जरा अवघडले, लेविननी मात्र बसू दिलं. निरीक्षकानं एका बाईंच्या वागण्याबद्दल काहीतरी वाचून दाखवलं, तर त्या बाई मध्येच म्हणाल्या, नाही, तसं नव्हतं झालेलं, आणि आपली बाजू सांगायला लागल्या, आणि खोलीत एकदम जीव आला. दुसऱ्या संध्याकाळपासून जवळजवळ सगळेच यायला लागले. दिवसभराच्या सेशन्सपेक्षा संध्याकाळच्या या बैठकीत लोक जास्त शिकले. माणूस स्वतःच्या वागण्याबद्दल तिथल्या तिथं ऐकतो, त्यावर बोलतो, दुसऱ्याला ते कसं दिसलं ते समजून घेतो, ही शिकण्याची एक वेगळीच तऱ्हा सापडली होती. लेविन 1947 च्या फेब्रुवारीत वारले, पण त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल गावात ट्रेनिंग लॅबोरेटरी सुरू केली, आणि गटासमोर उभं राहून उत्तरं न देणारा, गटाला त्याचंच वागणं दाखवणारा माणूस तिथं घडला. आज आपण फॅसिलिटेटर म्हणतो तो हा. गट गप्प बसला तर आपण बोलून ती शांतता भरायची नाही, एक जण सगळं बोलत असेल तर दुसऱ्याला वाट करून द्यायची, भांडण झालं तर ते दाबून टाकायचं नाही, ही सगळी कौशल्यं तिथली.

हे आपल्याकडे आलं ते मुख्यतः हैदराबादवरून, आणि मराठवाड्याच्या माणसाला याचं विशेष वाटलं पाहिजे कारण 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. ज्या 1956 मध्ये आपण तिथून निघून मुंबई राज्यात आलो त्याच वर्षी हैदराबादमध्ये अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज सुरू झालं, कारखान्यातले आणि सरकारातले मोठे अधिकारी एकत्र बसून केसवर, म्हणजे कामातल्या एखाद्या प्रसंगावर, चर्चा करतील असं. मग 1962 मध्ये लघुउद्योगवाल्यांना शिकवणारी सायेट ही संस्था दिल्लीहून हैदराबादला आली. उदय पारीक आणि रॉल्फ लिंटन या दोघांनी 1967 मध्ये ट्रेनिंगच्या शास्त्रावर जे पुस्तक काढलं ते भारतात या क्षेत्रातल्या माणसांनी वर्षानुवर्षं वाचलं. त्यांचा एक मुद्दा आजही एचआरवाल्यांना पटवून सांगावा लागतो, ट्रेनिंग हे क्लासरूममध्ये सुरू होत नाही आणि तिथं संपतही नाही, माणूस यायच्या आधी आणि परत कामावर गेल्यावर काय होतं ते जास्त महत्त्वाचं.

सायेटशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे काकिनाडाचा प्रयोग. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलँड यांनी 1964 मध्ये आंध्रातल्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना घेऊन बघितलं की काहीतरी करून दाखवायची जिद्द ट्रेनिंगनं वाढवता येते का. त्यांच्या संशोधनात रिंग फेकायचा खेळ होता, खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. कुणी अगदी जवळ उभं राहतं, कुणी उगाच फार लांब जातं, आणि ज्याला खरंच काही गाठायचं असतं तो अवघड पण जमण्यासारखं अंतर निवडतो. यातून पुढं गुजरातमध्ये उद्योजकता विकासाचे कोर्स उभे राहिले, 1983 मध्ये अहमदाबादची ईडीआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था झाली, आणि 1988 मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र झालं, ज्याचं मुख्यालय मुंबई-पुण्यात न होता आपल्या तेव्हाच्या औरंगाबादला आलं. रिंगचा खेळ आणि डोळ्यावर पट्टी बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचायचा खेळ मराठवाड्यातल्या गावोगावच्या पोरांनी उद्योजकतेच्या कोर्समध्ये खेळलेत. पण खेळ झाल्यावर अर्धा तास बसून तू तिथंच का उभा राहिलास, मनोरा पडला तेव्हा खेळात साहेब झालेला काय बोलला, हे विचारलं नाही तर तो नुसता टाईमपास होतो. खेळ कुणीही घेईल, त्यानंतरचे प्रश्न विचारणं हे खरं स्किल आहे.

औरंगाबादलाच 1980 पासून वाल्मी, म्हणजे पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची सरकारी संस्था, आहे, पैठण रोडला, पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरांना आणि पुढं पाणी वापर संस्थांच्या शेतकऱ्यांना शिकवणारी. ती कॉर्पोरेट नाही, पण मोठ्या वयाच्या, अनुभवी, आणि आम्हाला काय शिकवता असं मनात घेऊन बसलेल्या माणसांना कसं शिकवायचं हा प्रश्न तिथंही तोच.

कंपन्यांमध्ये याला वेगळं खातं मिळालं ते सत्तरच्या दशकात. 1970 मध्ये दिल्लीत ट्रेनिंगवाल्यांची आयएसटीडी ही संस्था झाली, आणि 1974 च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी एचआरडीची, म्हणजे कंपनीतल्या माणसांना घडवणाऱ्या खात्याची, रचना मांडली, तिथून ते लोण पसरलं. त्याच्याही आधी, 1959 मध्ये, अमेरिकेत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी ट्रेनिंग मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि कंपनीला फरक पडला का. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पातळीवरच थांबते, सेशन संपलं की फीडबॅक फॉर्म, एक्सलंटवर टिक, ग्रुप फोटो आणि झालं.

मला याचा मनापासून राग येतो कारण नुकसान कामगाराचं होतं. एका प्लांटमध्ये रिजेक्शन वाढलं म्हणून क्वालिटी अवेअरनेसचं ट्रेनिंग द्या म्हणाले. आधी लाईनवर दोन तास उभं राहू द्या म्हणून मी मागून घेतलं. बघितलं तर चेकिंगचा गेज (माप तपासायचं साधन) एकच, आणि तो शेजारच्या सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या गटात, ठेवलेला, आणायला गेलं की तासाचा आकडा मागं पडणार, म्हणून पोरं डोळ्यानंच चेक करायलेत. अवेअरनेस त्यांना आमच्यापेक्षा जास्त होता. तिथं गेज पाहिजे होता, पीपीटी नाही. सेशनमध्येही हे बाहेर आलं नसतं कारण डिपार्टमेंटचे साहेब मागच्या खुर्चीवर बसणार होते, आणि साहेब मागं बसले की खोलीतून फक्त हो सर येतं. मग साहेबांना आधी भेटून, पहिला तास तुम्ही नका येऊ, शेवटच्या अर्ध्या तासात या आणि फक्त ऐका, हे त्यांचा मान ठेवून पटवायचं. फर्स्ट शिफ्ट करून आलेल्या माणसासमोर जेवणानंतर स्लाईड लावायच्या नाहीत, त्याला उभं करून हातानं काही करायला द्यायचं. खुर्च्या यू आकारात लावायच्या. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे, आपल्याकडचा माणूस पहिल्या फटक्यात बोलत नाही, दुसऱ्या वेळेला बोलतो, आणि त्याच्या बोलीत बोलू दिलं तर लई नेमकं बोलतो.

कायद्यानंही हे काम वाढवलं. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायदा बदलला आणि सुरक्षिततेचं ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क झाला. 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला, त्यात जागृतीचे कार्यक्रम घेणं मालकावर बंधनकारक आहे. हे सेशन कलमं वाचून उरकणाऱ्याच्या हाती देऊ नये, तिथं सगळ्यात हलक्या हाताचा, ऐकून घेणारा फॅसिलिटेटर लागतो, कारण एखाद्या बाईनं पहिल्यांदा काही बोलायचं ठरवलेलं असतं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून ती परत गप्प बसू शकते.

2019 मध्ये शेंद्र्याच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचं उद्घाटन झालं, आणि 2024 च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करनं संभाजीनगरात सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. म्हणजे ज्या कंपनीनं टीडब्ल्यूआय सांभाळून ठेवलं तीच आता आपल्या दारात येतेय. बिडकीन, पैठण, गंगापूरची जी पोरं-पोरी या नव्या लायनींवर जातील त्यांना शिकवायला मराठीत, त्यांच्या बोलीत प्रश्न विचारू शकणारी माणसं लागणार आहेत, आणि ती बाहेरून आणायची गरज नाही. ज्या ऑपरेटरच्या गोलाचे चारही भाग भरलेत, ज्याच्याकडे नवीन पोरगं स्वतःहून अडचण घेऊन जातं, त्याला आठवड्यातले चार तास लाईनवरून मोकळं करा, एखाद्या जाणत्या फॅसिलिटेटरच्या शेजारी बसवा, आणि सहा महिन्यांनी त्याच्या हातात एक बॅच देऊन बघा.