आईला हिंगाचा वास येईनासा झाला तेव्हा

गेल्या वर्षीपासून आईच्या आमटीत हिंग जरा जास्तच पडू लागला. विचारलं की म्हणायची, "हल्लीच्या हिंगाला वासच नाही रे." आम्ही डबी बदलून पाहिली, दुसऱ्या दुकानातून आणून पाहिला, तिचं म्हणणं तेच. मग एका दुपारी मी घरात शिरलो आणि दारातच गॅसचा भपकारा आला. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं होतं. आई ओट्यापाशी स्टुलावर बसून निवांत मटार सोलत होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं.

हिंग आणि गॅस, दोन्हींची ओळख आपल्याला गंधकाच्या संयुगांमुळे पटते. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन, त्यांना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. हा धडा जगाने फार मोठी किंमत मोजून घेतला. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेखाली वास नसलेला नैसर्गिक वायू साचला, स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली.

पण हा सगळा पहारा नाकाच्या भरवशावर उभा आहे. नाकाच्या वरच्या भागातल्या वास ओळखणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, वयाबरोबर मात्र हा वेग मंदावतो. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली १,९५५ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६५ ते ८० या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांची आणि ऐंशीपुढच्या तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांची वासाची जाणीव बरीच घटलेली आढळली. हे इतकं हळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. दोष हिंगाला लागतो.

म्हणून ज्या घरात वयस्क माणूस एकटं स्वयंपाक करतं, तिथे गॅसगळतीचा अलार्म हवाच, असं माझं ठाम मत आहे. तो कुठे लावायचा, इथे पुष्कळ जण चुकतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्याचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, म्हणून त्याचा अलार्म छताजवळ. अलार्म वाजला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, घराबाहेर पडायचं आणि सिलिंडरच्या गॅससाठी १९०६ ला फोन लावायचा. ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणाऱ्या शेगड्याही मिळतात. विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर ते पैसे सत्कारणी लागतील.

नाकानंतर डोळे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट, दाट होत जातं. आपल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत ट्यूबलाइट पाठीमागे असते, त्यामुळे विळी-सुरीवर स्वतःचीच सावली पडते. ओट्याच्या वरच्या कपाटाखाली एक एलईडी पट्टी लावली की सावली जाते. ताटाचंही असंच. बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात (२००४) अल्झायमर बळावलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक रंगाच्या ताटल्या-पेले दिले, तर खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. रुग्ण मोजकेच होते, पण करून पाहायला काय हरकत आहे? चकचकीत स्टीलच्या पेल्यातलं पाणी आणि पांढऱ्या ताटलीतला दहीभात अंधुक नजरेला दिसतच नाही.

आता ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ते. जेवल्यावर रक्ताचा मोठा ओघ आतड्यांकडे वळतो. तरुण शरीर हृदयाचे ठोके वाढवून आणि इतर रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतं, म्हाताऱ्या शरीराला ते चटकन जमत नाही. जेवणानंतर दोन तासांत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला जेवणोत्तर रक्तदाब-घट मानतात. भरपेट भात, पुरी, श्रीखंड अशा पिष्ट-गोड जेवणानंतर ती जास्त होते. आपल्याकडे पंगत उठली की शेवटी जेवलेली आजी लगेच उष्टं-खरकटं काढायला वाकते. दाब उतरलेला, त्यात पाटावरून झटकन उठणं आणि ओली फरशी. चक्कर येऊन खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. जेवल्यावर तासभर तिला उठू देऊ नका, आवराआवर दुसऱ्या कुणीतरी करावी. पाटाऐवजी हात असलेली, न घसरणारी खुर्ची द्या. थोडं थोडं, जास्त वेळा जेवण बरं. घरात यंत्र असेल तर जेवणाआधी आणि जेवल्यावर तासाने दाब मोजून लिहून ठेवा आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका.

बाकीचं थोडक्यात. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर आणा, स्टुलावर चढणं बंद. सैल पायपुसणं काढून टाका. स्वयंपाक करताना नायलॉनचा गाऊन नको, तो वितळून कातडीला चिकटतो. पदर खोचलेला असू द्या. सुके पोहे, चुरमुरे असं काही बोलत-हसत आणि पडल्या पडल्या खाऊ नये.

एक छोटी तपासणी घरीच करता येते. डोळे मिटायला सांगून हिंग, लवंग आणि कॉफी पाळीपाळीने नाकाशी धरा, दर सहा महिन्यांनी. गेल्या रविवारी आईने लवंग लगेच ओळखली, कॉफी जरा वेळाने. हिंगाची डबी नाकाशी धरली तर म्हणाली, "ही रिकामी आहे का?"