अ‍ॅरेचा एस११ आणि अ‍ॅक्टिव्ह एस११: मेश बारीक करण्याआधी हे तपासा

अनेक अँटेनांचा अ‍ॅरे सिम्युलेट करताना युनिट सेलमध्ये, म्हणजे एकच एलिमेंट (अ‍ॅरेतला एक अँटेना) सगळीकडे तसाच पसरलाय असं धरणाऱ्या मॉडेलमध्ये, पोर्टचं (सिग्नल द्यायच्या जागेचं) परावर्तन उणे ९ डीबी दिसतं. तोच एलिमेंट पूर्ण अ‍ॅरेच्या मधोमध बसवला की एस११ उणे २० डीबी. मग लोक मेश (गणितासाठी केलेले मॉडेलचे तुकडे) बारीक करतात, रेडिएशन बाउंडरी (मॉडेलची बाहेरची हद्द) लांब सरकवतात, सॉल्व्हर बदलून बघतात आणि तरीही दोन्ही आकडे जागचे हलत नाहीत. हलतील कसे? दोन्ही बरोबरच आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत. यात लोकांचे दिवसच्या दिवस फुकट जातात, म्हणून हे एकदा नीट मांडतो.

एस११ सगळ्यांना पाठ असतो. एका पोर्टला लाट द्यायची, बाकीचे पोर्ट ५० ओहमने बंद ठेवायचे आणि परत किती आलं ते मोजायचं. एकट्या अँटेनासाठी एवढं पुरतं.

अ‍ॅरे चालतो तेव्हा मात्र सगळे पोर्ट एकदम चालू असतात. एखाद्या पोर्टमधून मागे येणाऱ्या लाटेत त्याचं स्वतःचं परावर्तन असतं, शिवाय शेजाऱ्यांकडून कपलिंगने, म्हणजे एका अँटेनातून दुसऱ्यात गळून, शिरलेली ऊर्जाही असते. या सगळ्याची फेजसकट बेरीज करून तिला त्या पोर्टच्या स्वतःच्या इनपुटने भागलं की अ‍ॅक्टिव्ह एस११ मिळतो. म्हणजे एस-मॅट्रिक्समधला (सगळ्या पोर्टच्या परावर्तन-कपलिंगच्या तक्त्यातला) एक आकडा पुरत नाही, त्या पोर्टची अख्खी ओळ लागते.

आकड्यांत बघा. एका रांगेतले एलिमेंट अर्ध्या तरंगलांबीवर आहेत. एस११ उणे २० डीबी, म्हणजे ०.१. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी कपलिंग उणे १८ डीबी, म्हणजे प्रत्येकी ०.१२६. सोपं जावं म्हणून सगळ्यांची फेज शून्य धरू आणि पलीकडचे एलिमेंट सोडून देऊ. बीम (अ‍ॅरेचा मुख्य झोत) समोर असताना बेरीज ०.३५२, म्हणजे उणे ९.१ डीबी. बीम ३० अंशांवर नेला की एका शेजाऱ्याची फेज अधिक ९० अंश आणि दुसऱ्याची उणे ९० अंश होते. दोघे एकमेकांना खोडतात आणि उणे २० डीबी उरतात. ६० अंशांवर उणे १७.७. एस११ या सगळ्या वेळात एका डीबीनेही बदललेला नाही. म्हणूनच ‘अ‍ॅरेचा एस११ उणे १० च्या खाली आहे’ हे वाक्य रिपोर्टमध्ये चालवून घेऊ नये. कोणत्या स्कॅन कोनावर, म्हणजे बीम किती अंश वळवलेला असताना, हे लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीच कळत नाही.

आता युनिट सेल. पीरिऑडिक बाउंडरी म्हणजे ‘इथे जे आहे तेच पलीकडेही आहे, ठरलेल्या फेजच्या फरकाने’. शेजारी बंद ठेवायची तिथे सोयच नाही, त्यामुळे तिचा निकाल मुळातच अ‍ॅक्टिव्ह असतो. ग्राफवर नाव मात्र एस(१,१) छापलेलं असतं आणि माणूस तिथेच फसतो.

तेव्हा तुलना करायची तर पूर्ण अ‍ॅरेतल्या मधल्या एलिमेंटचा अ‍ॅक्टिव्ह एस काढा. एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये एडिट सोर्सेसमध्ये अँप्लिट्यूड आणि फेज भरून अ‍ॅक्टिव्ह एस पॅरामीटर प्लॉट करा. सीएसटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे पोर्ट एकदम उत्तेजित केले की एफ-पॅरामीटर (तिथलं अ‍ॅक्टिव्ह एसचं नाव) मिळतात. माझी पसंती मात्र टचस्टोन फाइल (एस-मॅट्रिक्स साठवणारी) बाहेर काढून बेरीज स्वतः करण्याला आहे. एकदा सोडवलेल्या मॅट्रिक्सवर हवे तेवढे स्कॅन कोन क्षणात बघता येतात.

एवढं करूनही आकडे जुळले नाहीत, तर आधी कडा बघा. वरच्या उदाहरणातल्या टोकाच्या एलिमेंटला एकच शेजारी आहे. ३० अंशांवर त्याला खोडणारा जोडीदार नसल्याने तो उणे १५.९ डीबीवर अडकतो. आठ बाय आठच्या अ‍ॅरेत ६४ पैकी २८ एलिमेंट कडेवर असतात, चार बाय चारमध्ये १६ पैकी १२. चार बाय चारला युनिट सेलच्या आकड्यांशी जुळवायचा हट्ट सोडलेलाच बरा.

मग पोर्टची दिशा तपासा, कारण ही चूक निकाल बिघडवत नाही, उलट सुंदर करून दाखवते. एलिमेंटची कॉपी १८० अंश फिरवली की पोर्टची इंटिग्रेशन लाइनही (पोर्टवरची अधिक-उणे दिशा ठरवणारी रेषा) फिरते आणि कपलिंगचं चिन्ह उलटतं. वरच्या रांगेत एकच शेजारी असा उलटा बसला आणि सगळ्यांना सारखीच फेज दिली, की समोरच्या बीमला उणे ९.१ ऐवजी छान उणे २० डीबी दिसतात. कपलिंगच्या फेज शेजारी-शेजारी मांडून बघा. सममित जागांवर १८० अंशांचा फरक असेल तर तिथेच घोळ आहे.

अभिसरणाची मर्यादाही बघावी लागते. डेल्टा एस, म्हणजे मेश बारीक करतानाच्या लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये एसच्या आकड्यांत चालणारा फरक, ०.०२ ठेवला तर तो उणे ३४ डीबी झाला. त्याहून क्षीण कपलिंगवर भरवसा ठेवता येत नाही, आणि बेरजेत असे कितीतरी आकडे येतात. मी ०.००५ च्या वर जाऊ देत नाही.

अ‍ॅक्टिव्ह एस शून्य डीबीच्या वर गेला म्हणून मॉडेल मोडलं असं समजू नका. टेपर दिलेल्या (कडेकडे इनपुट कमी करत नेलेल्या) अ‍ॅरेत कडेच्या पोर्टचं इनपुट इतकं कमी असतं की शेजाऱ्यांकडून आलेली ऊर्जा त्याहून जास्त भरू शकते. सगळ्या पोर्टमधून परत येणारी एकूण शक्ती दिलेल्या एकूण शक्तीपेक्षा जास्त निघाली तरच शंका घ्या.

फ्रीक्वेन्सी स्वीप करताना बाउंडरीवर फेज पक्की केली आहे की कोन, हेही बघून घ्या. १० गिगाहर्ट्‌झला अर्ध्या तरंगलांबीचं अंतर आणि ४५ अंशांचा स्कॅन म्हणजे १२७.३ अंश फेज. तीच फेज ८ गिगाहर्ट्‌झला ठेवली तर बीम ६२ अंशांवर जातो, आणि ग्राफवरचं ‘४५ अंश’ खोटं ठरतं.

मॅचिंग (परावर्तन कमी करण्यासाठीची जुळवणी) युनिट सेलमध्येच करा, आणि तेही समोरच्या बीमपुरतं नको, सर्वात दूरच्या स्कॅन कोनालाही. अंध कोन (जिथे जवळपास सगळी ऊर्जा परत येते) शोधताना १० अंशांच्या पायऱ्या घेऊ नका. ती खाच बऱ्याचदा दोन-तीन अंशांचीच असते आणि दोन बिंदूंच्या मधून निसटते. संशय आला की तिथे १ अंशाची पायरी ठेवा.